मोहाखालून हात न धरता

रेवा आणि अन्वय,

दिवाळीत फोनवर माझं तोंड बघून अन्वयने विचारलं होतं, "आजी, तू जाड झालीस की बारीक?" तुमची आई त्याला रागावली. मी मात्र विचारात पडले. घरातल्या एकाही मोठ्या माणसाने तोवर मला हे विचारलं नव्हतं, आणि प्रश्न अगदी नेमका होता. खरं उत्तर होतं, दोन्ही. गाल भरले होते, वजन वाढलं होतं, आणि पायातली ताकद मात्र निघून चालली होती. तेव्हा मला ते सांगता आलं नाही. आता सांगते.

रेवाने कळवलंय की तिच्या पियानोच्या बाईंना माझाच आजार निघाला आहे, त्यांची केमो सुरू होणार आहे, आणि त्यांना उपयोगी पडेल असं काही मी लिहून पाठवावं. ती ते इंग्रजीत करून त्यांना वाचून दाखवणार आहे. मी ब्रह्मपुरीला तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा थेट इंग्रजीतच लिहिता आलं असतं. पण ज्या बाईमुळे मी उठून उभी राहिले तिचं बोलणं मला इंग्रजीत आणता येत नाही. ते काम रेवाचं.

औषधांची नावं लिहीत नाही. ती ज्याची त्याची वेगळी असतात आणि डॉक्टरांनी सांगायची असतात. मला जे कोणी आधी सांगितलं नाही, तेवढंच लिहिते.

अकरा दिवस

गाठ मला जुलैत आंघोळ करताना हाताला लागली. शेतात रोवणी चालू होती. धानाची रोपं उपटून चिखलात लावायचे ते दिवस. त्या दिवसांत आमच्या गावात कोणी आजारी पडत नाही, कारण पडायला सवड नसते. मी रोवणी संपेपर्यंत गप्प राहिले. अकरा दिवस. रोज सकाळी गाठ आहे का बघायची, आहे म्हणून कळलं की बायांचा चहा टाकायचा. ही माझी पहिली चूक. पियानोच्या बाईंना सांग, मी एरवी फार टापटिपीची बाई आहे, तरीही ही चूक केली.

नागपूरच्या रुग्णालयात डॉक्टरांनी तपासणीचा कागद पुढे सरकवला आणि मी तो वाचला. इंग्रजी येण्याचा हा तोटा. कोणी हळूहळू सांगायच्या आधीच आपल्याला कळून जातं. तुमचे आबा कागदाकडे पाहतच नव्हते, माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी डॉक्टरांना विचारलं, हे सगळं मार्चच्या मध्यापर्यंत आटोपेल का. त्यांनी बोटांवर मोजलं. ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया, मग दर तीन आठवड्यांनी एक अशा आठ केमो, म्हणजे शेवटची फेब्रुवारीच्या सुरुवातीला. मार्चमध्ये घरी लग्न आहे का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही. मोहा आहे."

परतीच्या बसमध्ये आबा खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंनी नुकत्या रोवलेल्या धानाच्या हिरव्या बांध्या होत्या. उमरेड मागे पडल्यावर ते म्हणाले, "मोहा हातचा जात नाई मंग." मी म्हटलं, नाही जात. मग त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला, आणि चष्मा पुसून झाल्यावरही बराच वेळ रुमाल डोळ्यांवरच ठेवला.

बायांचा कायदा

तुम्हाला मोहा आठवतोच. तलावाच्या पलीकडे, जंगलाला लागून आपल्या बांधावरची दोन झाडं. मार्चच्या मध्यापासून महिनाभर पहाटे त्यांची फुलं टपटप पडतात, आणि उजाडल्या उजाडल्या ती वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि चितळं खाऊन टाकतात. लग्न होऊन मी या घरात आले त्या वर्षापासून एकही मोहा मी चुकवला नव्हता. शाळा-कॉलेजला जायच्या आधी दोन टोपल्या वेचून यायचे. पदराला दिवसभर तो गोड वास असायचा आणि पोरं वर्गात नाक वर करून हसायची.

मोहा वेचायचा तो उकिडवं बसून. बसायचं, हाताच्या पट्ट्यातलं वेचायचं, उठायचं, दोन पावलं सरकायचं, पुन्हा बसायचं. आणि आपल्या भागात वाघ आहे. खाली वाकलेलं, बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही, म्हणून मोहाच्या दिवसांतच घात होतो. त्यामुळे बाया एकट्या जात नाहीत. आठ-दहा जणी मिळून जातात, दोघी दोघी पाठीला पाठ लावून बसतात, मोठ्याने बोलत राहतात. आणि त्यांचा एक कायदा आहे. जिला हात न टेकता, कोणाचा हात न धरता, टोपलीसकट झटकन उठता येत नाही, तिला मोहाखाली नेत नाहीत. दिवस भरत आलेली सून असो, म्हातारी असो, पाटलाची बायको असो. कारण हाक आली की सगळ्यांनी एकदम उभं राहायचं असतं, आणि एकीला उठवण्यात दुसरीचे हात गुंतले तर दोघी जातात.

हा कायदा आमच्या गावात सकूबाई पाळते. सकूबाई म्हणजे तलावातले मासे घरोघर विकणारी, माझ्याच वयाची, हडकुळी, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. रेवा, नऊ वर्षांची असताना तू हट्टाने आमच्यासोबत आलीस. उकिडवं बसलीस तर तुझ्या टाचा जमिनीला टेकेनात, तू मागच्या मागे पडलीस आणि टोपली उलटली. सकूबाईने तुला उचलून बांधावर आबांच्या शेजारी बसवलं आणि म्हणाली, "हे पोरगी म्हंजे वाघाचा नाश्ता." तू रडलीस. मी हसले होते. त्याची शिक्षा मला पुढे मिळाली.

पेज आणि काटा

शस्त्रक्रियेत डावा स्तन काढला. त्याबद्दल मला जेवढं वाईट वाटेल असं लोकांना वाटत होतं तेवढं वाटलं नाही. थोडं वाटलं, ते माझ्यापाशी आहे. सप्टेंबरात केमो सुरू झाली.

केमोचा दिवस म्हणजे एका मोठ्या खोलीत रांगेने खुर्च्या, प्रत्येकीच्या डोक्यावर बाटली लटकलेली. मी घड्याळ लावून बसायचे. पुस्तक न्यायचे आणि एक पान चार वेळा वाचायचे. तिथल्या एक सिस्टर माझी शीर शोधायच्या आधी स्वतःचे हात गरम पाण्यात धरून यायच्या, गार बोटं लागू नयेत म्हणून. हे त्यांना कोणी सांगितलं नसणार. शेजारच्या खुर्चीवर आरमोरीची एक बाई असायची. तिचे केस माझ्याआधी गेले, तेव्हा तिने मला बजावून ठेवलं की भुवयासुद्धा जातात आणि मग घाम थेट डोळ्यात येतो. तिचं म्हणणं खरं निघालं.

घरी आबांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आपल्याकडे आजारी माणसाला पेज देतात. तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून, मीठ घालून, पातळ. आबांना चहा सोडून काहीच येत नव्हतं, पण पेज ते शिकले आणि त्यात तरबेज झाले. सकाळी पेज, दुपारी मऊ भात, संध्याकाळी पेज, वर तूप. डाळ जड पडते म्हणून नाही, मासे उष्ण म्हणून नाही, अंडी तर नाहीच. आणि मी पलंगावरून पाय खाली टाकला की "पडून राय" ठरलेलं. पाणी हातात, औषध हातात, उठायचं तर आबांचा हात तयार. गावातल्या बाया भेटायला आल्या की त्याही तेच सांगत. आजारी माणसाला हलू न देणं ही आमच्याकडची सगळ्यात मोठी माया.

दर रविवारी आबा मला धानाच्या वजनकाट्यावर उभं करत. केमोच्या आधी माझं वजन अठ्ठावन्न किलो होतं. महिन्याने साठ झालं, दिवाळीपर्यंत त्रेसष्ट. आबा ते आकडे धानाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. "तब्येत बनून राह्यली," असं ते तुमच्या आईला फोनवर सांगायचे. कर्करोगाने माणूस झिजतं एवढं त्यांना माहीत होतं. मी झिजत नव्हते, वाढत होते, मग काळजी कसली?

तुळशीपुढे

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी मी अंगणात रांगोळी काढायला खाली बसले. ठिपक्यांची, पंधरा ओळींची. काढून झाली, आणि मला उठता येईना. दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. पाय नुसते ऐकत नव्हते. मांड्यांना सांगितलं 'उठा' आणि त्या जणू दुसऱ्याच कोणाच्या होत्या. आबा बाजारात गेले होते. मी हाक मारली असती तर शेजारी धावले असते. पण मला लाज वाटली, आणि मी वीस मिनिटं तिथे बसून नीट असलेले ठिपके पुन्हा नीट करत राहिले. आबा आले, म्हणाले, अजून झाली नाही का? मी म्हटलं, होतेय. मग हात पुढे केला, त्यांनी ओढून उठवलं, आणि विषय तिथेच संपला.

माझ्या मनात मात्र संपला नाही. मला वाटलं, आजार हाडात उतरला. आठ दिवस मी हे कोणाला बोलले नाही. जुलैतले अकरा दिवस कमी होते म्हणून हे आणखी आठ. दिवसा मी हसतमुख असायचे; अन्वयने प्रश्न विचारल्याला तेव्हा दोनच आठवडे झाले होते, आणि तोच प्रश्न डोक्यात घोळायचा.

पुढच्या केमोला अखेर डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि हाडात काही नाही असं सांगितलं. मी तिथेच रडले, जे मी पहिल्या दिवशी रडले नव्हते. मग त्यांनी मला व्यायामाच्या मॅडमकडे पाठवलं.

ती तुमच्या आईपेक्षाही लहान, गोंदियाकडची मुलगी. तिने मला खुर्चीवर बसवलं, हातांची छातीवर घडी घालायला लावली, आणि म्हणाली, आता अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा उठता-बसता येईल तितकं करा. मी चार वेळा उठले. पाचव्या वेळी अर्ध्यातून परत बसले. मग तिने समजावलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण हेच पियानोच्या बाईंना कळायला हवं. केमो स्नायूंनाही सोडत नाही. तिच्यासोबत उलटी होऊ नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यातल्या काही मांड्यांचे स्नायू आणखी पोखरतात आणि चेहरा फुगवतात. त्यात माणूस पडून राहिलं आणि नुसता भात खाल्ला की स्नायू जातो, आणि त्याच्या जागी चरबी आणि पाणी येतं. वजन तेवढंच, किंवा जास्तच.

शेजारी बसलेल्या आबांनी दारावरच्या आकड्यांची चिठ्ठी खिशातून काढली होती. अठ्ठावन्न, साठ, त्रेसष्ट. ती त्यांच्या हातातच राहिली. ते म्हणाले, "म्हंजे ओला धान. काट्यावर भारी, अन् कांडला त तांदूळ कमी."

त्या मुलीला धान ठाऊक होतं. ती म्हणाली, "हो आबाजी. अगदी तेच."

कोणी हात द्यायचा नाही

तिने दोन गोष्टी सांगितल्या. जेवणात डाळ, अंडी, मासे, दही, दर वेळी काहीतरी. आणि रोज खुर्चीवरून उठणं-बसणं, हात न टेकता. आधी उशा ठेवून खुर्ची उंच करायची, जमलं की मग उंची कमी करत जायची. डाव्या हाताने जड उचलायचं नाही. केमोनंतरचे चार-पाच दिवस अंगात काहीच नसेल, तेव्हा नुसतं घरात चालायचं. आणि शेवटचं, आबांकडे बघून सांगितलेलं: उठताना कोणी ओढायचं नाही.

हे शेवटचं आबांना जमेना. मी खुर्चीतून हलले की त्यांचा हात पुढे. पहिल्या आठवड्यात रोज आमची कुरबूर झाली. मग एका सकाळी मी दोन उशांवर बसून उठत होते, तिसऱ्या वेळी पाय लटपटले, आणि त्यांनी मागून दोन्ही काखेत हात घालून मला उचललं. माझी शस्त्रक्रियेची बाजू कळवळली. मी म्हटलं, मी काही धानाचं पोतं नाही. नको ते आणखी बरंच बोलले. ते शेतावर निघून गेले आणि जेवायला आले नाहीत. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. दुपार कलल्यावर आले, हात-पाय धुतले आणि म्हणाले, "तुले पडताना मले पाहवत नाई. सकूले पाहवते. तिले बलाव, मी बाहेर जातो."

त्या दिवसापासून रोज चारला सकूबाई यायची आणि आबा वांग्यांना पाणी द्यायला परसात जायचे. त्या वर्षी वांग्यांना पाणी जास्त झालं.

सकूबाई तलावातले झिंगे किंवा छोट्या मासोळ्या घेऊन यायची, माझ्यासमोर जमिनीवर उकिडवी बसून त्या साफ करायची, आणि मी खुर्चीवरून उठायचे. तिचे हात माशांच्या घाणीत असायचे, त्यामुळे तिला हात देताच यायचा नाही. हे तिने मुद्दाम ठरवलं होतं हे मला फार उशिरा कळलं. "उठा बाई. मी काई उचलत नाई. मासोया हायेत हातात." मी अडखळले की ती मान वर न करता म्हणायची, "काऊन थांबल्या? मोहा तुमच्यासाठी थांबून नाई राह्यला." आणि मी तिच्यावर चिडायचे आणि त्या चिडीने उठायचे.

दोन उशा होत्या, त्याची एक झाली. मग नुसती खुर्ची. मग आबांचं ठेंगणं लाकडी स्टूल, मग न्हाणीतला चौरंग. डिसेंबरात औषध बदललं आणि तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, जमीन कापसासारखी लागायची. तेव्हा चौरंगावरून परत खुर्चीवर जावं लागलं. जानेवारीत पुन्हा चौरंग. माझ्या वहीत हे सगळं तारखांनिशी आहे, आणि त्यात खाली उतरण्याइतकंच वर चढणंही आहे.

आणि रेवा, तुझी पुस्तकं. मी तुला हे सांगितल्यावर तू म्हणालीस, मग मीही शिकते उकिडवं बसायला. तुमच्या सकाळी आणि आमच्या संध्याकाळी आपण फोन समोर ठेवून बसायचो. तुझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या जायच्या म्हणून तू त्यांच्याखाली नकाशाचं जाड पुस्तक ठेवायचीस. मग त्याहून पातळ, मग त्याहून पातळ. मी एक उशी काढली की तू एक पुस्तक बदलायचीस. अन्वय पंच होता आणि तो दर वेळी तुझ्या बाजूने निकाल द्यायचा. बाहेर तुमच्याकडे बर्फ, इथे माझ्या डोक्यावर एक केस नाही, आणि आपण तिघं हसतोय. त्या पाऊण वर्षातला सगळ्यात चांगला वेळ विचारलात तर मी हा सांगेन.

नाई

फेब्रुवारीत शेवटची केमो झाली. महिन्याभराने रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्या. रानात गेले तर चालेल का, असं डॉक्टरांना विचारलं; डाव्या हातावर भार देऊ नका, काट्यांपासून जपा, एवढंच म्हणाले. मला वाटलं आता झालंच.

मार्चच्या मध्याला मोहा पडू लागला. त्याच्या आदल्या संध्याकाळी सकूबाई इतर सात जणींना घेऊन आमच्या अंगणात आली. कायद्याप्रमाणे मला उठून दाखवायचं होतं: उजव्या हाताला टोपली, टोपलीत पायलीभर धान. वेचलेला मोहा ओला आणि जड असतो, त्याची बरोबरी. मी उकिडवी बसले. उठले. अर्ध्यात तोल गेला आणि डावा हात जमिनीला टेकला. टेकला म्हणजे नुसती बोटं लागली. बाकीच्या बायांनी सकूबाईकडे पाहिलं. सगळ्यांनी इतके महिने मला भेटायला येऊन पेज पाजली होती, एकीच्याही मनात मला मागे ठेवायचं नव्हतं.

सकूबाई म्हणाली, "नाई."

एकीने म्हटलं, बाई मधे बसतील, आम्ही सभोवती राहू. सकूबाईने पुन्हा तेच सांगितलं आणि टोपली उचलून माझ्या ओसरीवर ठेवली. मी तिला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. तीस वर्षं मी मुलांना नियम शिकवले आणि माझ्यावर आला तेव्हा मला तो मोडून हवा होता. आबासुद्धा तिच्या बाजूने गेले. "बरोबर हाय तिचं," ते म्हणाले. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाया आमच्या दारावरून तलावाकडे गेल्या, आणि ऊन चढल्यावर भरल्या टोपल्या घेऊन परतल्या. वास घरभर. असं दहा दिवस चाललं. त्या दहा दिवसांत सकूबाई चारच्या ठोक्याला मासे घेऊन आली, जणू काही झालंच नाही अशी. मी बोलायचे नाही. ती एकटीच बोलायची, आणि मी तिच्यासमोर टोपली घेऊन बसायचे आणि उठायचे. दहाव्या दिवशी आठ वेळा उठले. कुठेही हात लागला नाही. तिने शेवटची मासोळी धुतली, हात पदराला पुसले, आणि म्हणाली, "उद्या पहाटेस. डोस्क्याले रुमाल बांधा, गार हाय."

मोहाखाली

माझ्या पाठीला तिची पाठ होती. तिची हाडं टोचत होती. मोहा अजून पडत होता. एखादं फूल डोक्यावरच्या रुमालावर पडायचं आणि तिथेच राहायचं, खाली केस नव्हते, त्याला अडवणारं काही नव्हतं, तरी. सगळ्या जणी एकदम बोलत होत्या, कोणाची सून, कोणाचा नवस, कोणाची म्हैस. मी बसत होते, वेचत होते, उठत होते. दर वेळी मनात मोजत होते. अठरा झाले होते.

तेव्हा तलावाच्या अंगाला चितळ ओरडलं. एकदा, आणि लगेच पुन्हा. कोणीतरी "ऊठ" म्हटलं.

आम्ही नऊच्या नऊ जणी उभ्या होतो. टोपल्या हातात, तोंडं तलावाकडे, आवाज टिपेला. मी केव्हा उठले ते मला आठवत नाही. मोजलं नव्हतं, ठरवलं नव्हतं, मांड्यांना काही सांगितलं नव्हतं. आणि कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. ना सकूबाईने, ना शेजारणीने. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या उठण्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं; कोणाचा हात पुढे आला नाही, कोणाच्या कपाळावर आठी आली नाही. मी त्यांच्यातली एक होते, एवढंच.

झुडपातून रानडुकरं निघाली, तीन, आणि शेपट्या वर करून पळाली. बाया हसल्या. सकूबाईने थुंकून खर्रा बदलला आणि म्हणाली, "बसा. अर्धा मोहा तसाच हाय."

घरी आबांनी माझी टोपली काट्यावर ठेवली. पावणेतीन किलो. पूर्वी मी याच्या तिप्पट आणायचे. त्यांनी धानाच्या खोलीच्या दारावरचे अठ्ठावन्न, साठ, त्रेसष्ट ओल्या फडक्याने पुसले आणि त्या जागी 'मोहा २.७५' असं लिहिलं. ते अजून तिथेच आहे. माझं वजन आता किती आहे ते मला माहीत नाही, आणि त्या मुलीने सांगितल्यापासून आबाही विचारत नाहीत. अर्ध्या मिनिटात मी आता अकरा वेळा उठते. तळपायांच्या मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत. रोज एक गोळी आहे आणि ती काही वर्षं राहणार आहे. केस आले आहेत, पण कुरळे, आणि ते कोणाचे आहेत ते मला कळत नाही.

पियानोच्या बाईंना सांग, केमो सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना विचारा की मी काय व्यायाम करू, काय खाऊ. काट्याचं ऐकू नका. आणि घरात एक तरी माणूस असं शोधा, ज्याचे हात दुसऱ्या कामात गुंतलेले असतील.

आणि रेवा, तुमची आई म्हणते पुढच्या चैत्रात तुम्ही याल. गेल्या आठवड्यात फोनवर पाहिलं तेव्हा तुझ्या टाचेखाली अजून एक वही होती. ती काढ. सकूबाई तुला विचारत होती, आणि तिने अंगणातल्या परीक्षेला लागणारी टोपली बाजूला काढून ठेवली आहे.

— आजी